म्हसोबाच्या बोकडातली पिन

जनावराची चाल बघून त्याच्या आईबापाची खोड सांगणारा माणूस, अशी भागुजी भालेरावची बेल्ह्याच्या बाजारात ख्याती होती. यातली निम्मी ख्याती बाजारानं फुगवलेली हे मान्य, पण निम्मी खरी. जनावरं विकणारे हेडी लोक बैलाची शिंगं साळून, अंगाला तेल चोपडून, रंगीबेरंगी गोंडे बांधून त्याला टेम्पोतून उतरवायचे आणि भागुजी लांब चहाच्या टपरीवरनं नुसतं म्हणायचा, "मागचा डावा." झालं. गिऱ्हाईक पाय मागं घ्यायचं आणि हेडी भागुजीच्या खानदानाचा उद्धार करायचा. हात लावून जनावर तपासणाऱ्यांची भागुजीला कीव यायची. हात लावल्यावर आंधळ्यालाबी कळतं, असं तो म्हणायचा, आणि हे एवढ्या वेळा म्हणायचा की त्याची बायको द्रौपदा तेवढ्या वेळात भांडी घासून मोकळी व्हायची.

आता बाजार सुटला होता. पारगावच्या अलीकडच्या वाडीत, उसाच्या कडेला, बिबट्याच्या भीतीनं चारी बाजूंनी जाळी मारलेला गोठा, त्यात शेळ्या, आणि गोठ्यासमोर बाजेवर भागुजी. घरात बुद्धवंदना व्हायची, देवदेवस्की बापाच्या काळातच सुटली होती. पण आजूबाजूच्या देवांना बोकड लागायचे आणि ते भागुजीकडंच चांगले मिळायचे. भागुजी देव मानत नव्हता, देवाचं गिऱ्हाईक मात्र मोडत नव्हता.

त्याची नात प्रज्ञा पुण्याला पीएचडी करत होती. विषय काय, तर हाडात बसवायचा धातू वरून कसा असावा.

"गुळगुळीत धातूला हाड धरत नाही, आबा," प्रज्ञानं त्याला समजावलं होतं. "त्याच्या भोवतीनं नुसतं उभं राहतं. मग वर्षा-दोन वर्षांत धातू आत हलायला लागतो, माणूस कण्हायला लागतो. म्हणून आम्ही त्याला अ‍ॅसिडमध्ये बुडवून वर बारीक खळगे पाडतो, डोळ्याला दिसणार नाहीत एवढे. त्या खळग्यांत हाड शिरतं, रुजतं, आणि धातूला कवळून बसतं."

"म्हंजे खरबरीत खिळा."

"खिळा नाही, पिन. पण हो, खरबरीत."

"आमच्या वक्ताला खरबरीत खिळा निघाला तर आमी दुकानदाराच्या तोंडावर मारायचो. तू त्याच्यावर डाक्टर व्हनार?"

"असे खरबरीत केलेले कृत्रिम सांधे बाजारात मिळतात, आबा, पण किंमत ऐकून माणूस खाटेवरनं पडेल. मी तेच स्वस्तात करायची रीत शोधतेय."

तर ही रीत बोकडांवर तपासायची होती. बाकीच्या बोकडांचं काम पुण्यातच उरकलं. शेवटचा तेवढा राहिला, सगळ्यांत जास्त दिवस पिना अंगात वागवलेला, म्हणून सगळ्यांत मोलाचा. त्याच्या उजव्या मांडीच्या हाडात प्रज्ञानं खरबरीत केलेली पिन होती आणि डाव्या मांडीत साधी, गुळगुळीत. मुदत भरली की बोकडाला भूल देऊन त्रास न होता संपवायचं, दोन्ही हाडं काढायची, आणि कुठली पिन किती घट्ट बसलीय ते यंत्रावर ओढून बघायचं. त्यावर शेवटचं प्रकरण, आणि त्या प्रकरणावर पदवी. मध्येच संस्थेचा गोठा पाडून नवीन बांधायला काढला, तेव्हा तिच्या सरांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या कमिटीच्या हातापाया पडून परवानगी काढली आणि बोकड वाडीवर धाडला. तो मूळचा भागुजीच्याच गोठ्यातला. त्याचा जुळा भाऊ अजून तिथंच होता, तसाच काळाकुळकुळीत, तसाच आगाऊ. ओळखायला म्हणून प्रज्ञानं आपल्या बोकडाच्या गळ्यात पट्टा बांधला होता. भावानं तो चघळून खाऊन टाकला.

द्रौपदाला पट्ट्याची गरज नव्हती, तिला शेळ्या तोंडावरनं कळायच्या. पण लेकीचं बाळंतपण निघालं आणि ती पेठला गेली. जाताना बजावून गेली, "पोरीच्या बोकडाला काय झालं तर मला तोंड दावू नका."

ती गेली, आणि गेणू आला. गेणू म्हणजे भागुजीचा शाळासोबती, ओढ्यापलीकडचा बागाईतदार. लेकाला लई वर्षांनी पोरगा झाला होता, शौर्य नाव ठेवलं होतं, आणि गेणूच्या बायकोनं, कुशाबाईनं, म्हसोबाला बोकड बोलला होता.

"भाग्या, देवाचं काम हाय," गेणू म्हणाला. "बिनखोडीचा पायजे. कान फाटका नको, शिंग मोडकं नको, अन् लंगडा तर आजाबात नको. कुशी म्हनली, भागुजी भाऊंनी सोता सांगितलं तरच आना."

भागुजीनं दोन्ही बोकड अंगणात सोडले. एक डौलात चालत गेला आणि गेणूचं धोतर हुंगू लागला. दुसरा मागच्या पायानं लंगडत होता, कालपासनंच. भागुजीनं बाजेवरनं न उठता निकाल दिला. पायात लोखंड असल्यावर जनावर लंगडणारच, तेव्हा लंगडा तो प्रज्ञाचा, आणि चांगला तो आपला. इतकं सरळ होतं. उठून मांडी चाचपली असती तर केसांखालचा व्रण हाताला लागला असता. पण हात लावून बघणाऱ्यांतला भागुजी नव्हता.

"ह्यो घिऊन जा," तो म्हणाला. "ह्याच्यात खोड निघाली तर माझं नाव बदल."

मग अंगणात दुसरं काळं कुत्रं नसताना दोघा म्हाताऱ्यांनी उपरण्याखाली हात घालून बोटांनी सौदा केला, कारण बाजारात तसाच करतात, आणि बोकड ओढ्यापलीकडं गेला.

नवसाच्या दिवशी भागुजी धुतलेलं धोतर नेसून जेवायला निघाला होता, तेवढ्यात स्कूटीवरनं प्रज्ञा आली. मागं बांधलेली थंडपेटी, डोक्याला रुमाल.

"आबा, आज पशुवैद्य येणार आहेत दुपारी. बोकड कुठंय?"

"ह्यो काय तुझा लंगडा."

प्रज्ञानं लंगड्याकडं बघितलं. गुडघ्यावर बसली, एक मांडी चाचपली, दुसरी चाचपली, मग पाय उचलून खुराच्या बेचक्यात बोट घातलं आणि बाभळीचा भला मोठा काटा ओढून काढला. बोकडानं पाय झाडला आणि ठणठणीत चालत पेंढीकडं गेला.

"हा आपला आहे," ती म्हणाली. "माझा कुठंय?"

भागुजीला आपलं धोतर एकदम सैल झाल्यासारखं वाटलं. "पन त्यो लंगडत नव्हता," तो म्हणाला.

"लंगडेल कशाला? महिन्याभरात नीट चालायला लागला होता तो. लंगडला असता तर मी नापास झाले असते. आबा, कुठंय तो?"

भागुजीनं ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. तिकडनं मटणाच्या रश्श्याचा वास येत होता.

प्रज्ञा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्कूटीला टेकली आणि म्हणाली, "तीन वर्षं झाली मला. तुमच्या त्या डोळ्यानं शेवटचं पान खाल्लं, आबा." भागुजीला लाज वाटली, चारचौघांत पागोटं उतरल्यावर वाटते तशी, आणि इथं चारचौघं पण नव्हती.

"शिजलेल्या हाडाचं काय व्हत न्हाई का?" त्यानं विचारलं.

"प्रबंधात नाही चालत. पण निदान डोळ्यांनी तरी बघू दे, माझी रीत चालली की नाही. दोन्ही पिना मिळायला पाहिजेत. चला, बसा मागं."

ओढा ओलांडताना भागुजीनं अट घातली. नवसाच्या बोकडात लोखंड निघालं असं कळलं तर कुशाबाई घर डोक्यावर घेईल, म्हसोबा फसवला म्हणेल, आणि फसवणारा कोण तर भागुजी. तेव्हा तोंड उघडायचं नाही. हाडं गुपचूप गोळा करायची.

गेणूच्या खळ्यावर मांडव होता, पहिली पंगत बसली होती. कुशाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात काठी, तिथूनच सगळ्या वाढप्यांना शिव्या घालत होती. पडून खुबा मोडल्यावर तिचा सांधा बदलला होता, मांडीच्या हाडात धातूचा दांडा होता, आणि तो आता आत ढिला झाला होता. उठताना कळ यायची. पण तोंडात ढिलं काही नव्हतं.

"या भागुजी भाऊ, बसा. पोरीलाबी आनलं का? ब्येस झालं. बस गं बाई, लई वाळलीस."

प्रज्ञा बायकांच्या पंगतीत बसली. भागुजी मात्र पंगतीतनं फिरू लागला, हातात पिशवी घेऊन. "नळ्या टाकू नका राव, हिकडं टाका," तो एकेकाच्या कानात सांगू लागला. "कुत्र्याला नेतो."

"तुमच्याकडं कुत्रं कुठंय?" मटण तोडणारा सावळेराम पंगतीतच बसला होता. "गेल्या साली बिबट्यानं नेलं की."

"नवीन आननार हाय."

"मग आल्यावर न्या की. आन् एक सांगू का, बोकड लई चिवट व्हता. मांडी तोडताना कोयत्याचं तोंड गेलं, बघा. ती नळी मी तशीच मोठी टाकली, म्हनलं जावयाच्या ताटात शोभंल."

भागुजीनं जावयाकडं बघितलं. गेणूचा जावई कुंडलिक पंगतीच्या टोकाला चौरंगावर बसला होता, समोर भलीमोठी नळी, आणि तो आधी भाकरी चुरत होता. तिकडं निघणार तोच वाढप्यानं भागुजीला ओढून पानावर बसवलं आणि पातेल्याच्या तळातनं डाव भरून रस्सा वाटीत ओतला. वाटीत टण् असं वाजलं. भागुजीनं बोट घातलं. गुळगुळीत, चकचकीत, बोटाच्या पेराएवढी पिन. हाडाला कवळून बसली नव्हती, तिनं शिजतानाच हाड सोडलं होतं. कुशाबाई चार हातांवर होती. भागुजीनं पिन चोखून साफ केली आणि बंडीच्या खिशात टाकली. घरी गेल्यावर पोरीला देऊ, असं त्यानं ठरवलं.

तेवढ्यात कुंडलिक बोंबलला. गालावर हात धरून उभाच राहिला. नळी चोखताना त्याचा दात कशावर तरी आपटला होता.

नळी हातोहात फिरली. हाडाच्या कडेतनं धातूचं टोक डोकावत होतं. गेणूनं ती खाली-वर करून बघितली, मग भागुजीकडं बघितलं. "भाग्या, ह्ये काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. प्रज्ञा उठून पुढं आली आणि तिनं सरळ सांगितलं, बोकड तिचा होता, पिन तिनं बसवली होती, आणि आबांनी चुकून दिला.

मांडवात कुजबुज झाली. कुशाबाई काठी टेकून उभी राहिली, कळ आली तरी उभी राहिली. "म्हंजे खोडीचा बोकड दिला आमाला. म्हसोबाला. माझ्या शौर्यच्या नवसाला." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्यामुळं लोक जास्त घाबरले. "भागुजी भाऊ, तुमच्या डोळ्यावर म्या देवाचं काम सोडलं व्हतं."

"वैनी, बोकड ठणठणीत व्हता. देवाशपथ."

"तुमी देव मानीत न्हाई. शपथा कशाला घालता?"

"बरं, ऱ्हायलं. पन मला सांगा, तुमच्या मांडीत धातू हाय. तरी तुमी म्हसोबाच्या पाया पडताच की. त्यो काय तुमाला खोडीची म्हनतो का?"

"मला त्याच्यापुढं कापायची नसती," कुशाबाई म्हणाली.

लोक हसले. भागुजीलाही हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. गेणूला मात्र ह्या भांडणात एक वाट दिसली. म्हातारा उगाच नाही इतकी वर्षं पतसंस्थेवर निवडून येत.

"असं करू," तो म्हणाला. "पकड आना. लोखंड निघालं तर ते परकं, बोकड खोडीचा, भाग्यानं दुसरा बोकड द्यायचा. न्हाई निघालं तर ते बोकडाचंच हाड म्हनायचं. म्हसोबाला काय, त्यो काय एक्स-रे काढतोय का?"

ट्रॅक्टरच्या पेटीतनं पकड आली. आधी सावळेरामनं नळी पायाखाली धरून ओढली. मग कुंडलिकनं दाताचा सूड म्हणून ओढली. मग दोन तरण्या गड्यांनी नळी खळ्यावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळली आणि दोघांनी मिळून हिसका दिला. हाड तडकलं, लांब उभी चीर गेली, पण पिनेच्या भोवतीचं हाड पिनेला सोडेना. तुटलेला तुकडा पिनेसकट वर आला, खपली धरल्यासारखा.

"बोकडाचंच हाय," गेणूनं निकाल दिला. "जेवा."

मांडव निवला. कुशाबाई तो तुकडा एका ताटलीत घेऊन बसली. भागुजीला एकदम हलकं वाटलं, त्यानं मिशीवरनं हात फिरवला, आणि नातीचा शोध घेतला. ती मांडवात नव्हती.

ती मांडवामागं होती. उष्ट्या पत्रावळींच्या ढिगात गुडघ्यावर बसून, ओढणी कमरेला खोचून, दोन्ही हातांनी हाडं चाचपत होती. बिबट्याच्या तावडीतनं उरलेली कुत्री तिच्यावर गुरगुरत होती. एक हाड उचलायची, निरखायची, बाजूला टाकायची. डावीकडची पिन शोधत होती ती. एक निघाली नाही म्हणजे अर्धंच कळलं, दुसरी किती सहज निघते हे कळल्याशिवाय पहिलीला किंमत नाही, हे एवढं तरी भागुजीला आता समजलं होतं.

ती पिन त्याच्या खिशात होती. गप्प राहून घरी दिली असती तर म्हसोबाही खूश आणि त्याचं नावही शाबूत. पण बापजाद्यांत पहिल्यांदा डाक्टर व्हायला निघालेली पोर दुसऱ्याच्या उष्ट्यात कुत्र्यांशी भांडत होती, आणि ते त्याच्या डोळ्यापायी. भागुजीला ते बघवेना.

"प्रज्ञे, ऊठ," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ही घे दुसरी. पातेल्यातच निघाली व्हती. म्या लपवली."

त्यानं पिन खिशातनं काढली आणि कुशाबाईच्या पुढ्यातल्या ताटलीत, त्या न निघालेल्या पिनेच्या शेजारी ठेवली. "वैनी, ही निघाली. आपसूक. तेव्हा खोड व्हती म्हना, काय म्हनायचं ते म्हना. दुसरा बोकड मी देतो."

गेणूनं कपाळाला हात लावला. कुशाबाईनं सुटी पिन उचलली, अंगठ्यानं चोळली. मग हाडात रुतलेलीचं टोक चोळलं. परत सुटी. हात पुसत आलेल्या प्रज्ञानं सांगितलं कोणती कशी, थोडक्यात, कारण तिच्यातही आता बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"माझ्या मांडीत कंचं हाय?" कुशाबाईनं विचारलं.

"कागद बघितल्याशिवाय नक्की नाही सांगता येणार, आजी. पण हलतोय म्हणजे हाडानं धरला नाही त्याला. ह्या सुट्या पिनेसारखंच."

"म्हनूनच उठताना आत काय तरी सरकतं. म्या म्हनायची तर डाक्टर म्हनायचा, तुमचा भास हाय." तिनं सुटी पिन ताटलीत टाकली, ती घरंगळत कडेला गेली. "आन् ह्यो धरून ऱ्हानारा कवा मिळंल? आमाला परवडंल असा?"

"लई वर्षं लागतील. आधी बोकडांत सिद्ध करायचं, मग पुढचं सगळं." प्रज्ञानं मान खाली घातली. "आणि आज पंगतीत वाढला तो शेवटचा होता. आता नव्यानं एक बोकड, नव्यानं पिना, परत सगळी मुदत."

मांडवात जेवायचं थांबलं. ज्यांच्या हातात नळ्या होत्या त्यांनी त्या हळूच पानात ठेवल्या. कुशाबाईनं आपल्या पुढ्यातल्या रश्श्याच्या वाटीकडं बघितलं, मग वाटी लांब सारली.

"भागुजी भाऊ," ती म्हणाली, "म्हसोबाचं आमी बघून घिऊ. दुसरा बोकड हिला द्या."

"आजी, तुम्हाला थांबावं लागेल त्यात," प्रज्ञा म्हणाली.

"थांबते की," कुशाबाई म्हणाली आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. "मी कुठं पळत चाललीय?"